मायचं लुगडं

माझ्या मायनं जन्मभर सुती नऊवारी लुगडंच नेसलं. आमच्या मारेगाव तालुक्यात पऱ्हाटी फुटली, की दसरा-दिवाळीपासून बाया वेचणीला निघतात. वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात सीतादही व्हायची. मग माय जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेला बांधून त्यात कापूस भरत तासातासानं पुढं सरकायची. धाकट्या भावाची झोळीही लुगड्याचीच, धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेली. लुगडं विरलं की त्याचं दुपटं व्हायचं, दुपटं फाटलं की ते वाकळीच्या थरात जायचं आणि उरलेल्या चिंध्या चुलीवरचं भांडं उतरवायला. आमच्या घरात कुठलंच लुगडं एकदम संपलं नाही.

माय लहान असताना तिला कांजिण्या आल्या होत्या. घरात माता आली म्हणून आजीनं तिला कडुनिंबाच्या पाल्यावर, स्वतःच्या मऊ लुगड्यात निजवलं होतं. ही आठवण माय फार मायेनं सांगायची. अंगावरचे फोड गेले, पण त्यांचा विषाणू गेला नव्हता. तो मणक्यालगतच्या नसांच्या गाठींमध्ये जाऊन बसला होता. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या लहानशा शहरात एडगर होप-सिम्पसन नावाचे एक फॅमिली डॉक्टर होते. आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींवरून त्यांनी १९६५ साली दाखवून दिलं, की नागीण बाहेरून येत नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणूच उतारवयात, प्रतिकारशक्ती उणावली की, नसेवाटे पुन्हा कातडीवर येतो. मला या डॉक्टरांबद्दल फार आदर वाटतो. आपल्या भागातल्या माणसांची दुखणी त्यांनी नुसती बरी केली नाहीत, ती लक्षात ठेवली.

मायला नागीण झाली तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. उजव्या छातीखालून पाठीपर्यंत पट्टा उठला. गेरूचा लेप झाला, मंत्र झाला. नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातं, असं आमच्याकडे अजूनही मानतात, त्यामुळे शेजारपाजारच्या बाया रोज पट्ट्याची टोकं बघून जायच्या. तोंडं जुळली नाहीत. खपल्या धरल्या, पडल्या, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. विषाणूनं नस पोळून टाकलेली असते. कातडी वरून बरी दिसते, पण साधा स्पर्शही मेंदूपर्यंत आग होऊन पोचतो. तीन महिने उलटूनही ही वेदना राहिली तर डॉक्टर तिला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. माय म्हणायची, "लुगडं आंगाले लागलं का इस्तो ठेवल्यावानी होते व माय." सगळी हयात कापसात गेलेल्या बाईला कापूस सोसवेना. पदर घेता येईना, म्हणून ती चारचौघांत बसेना. कुशीवर निजता येईना. भेटायला आलेले लोक बघायचे आणि म्हणायचे, "दिसत तं काईच नाई." या वाक्यानं माय जेवढी खचली, तेवढी वेदनेनंही खचली नसेल. न दिसणाऱ्या दुखण्याला घरातल्या एका तरी माणसानं शपथेवर खरं मानावं लागतं. मी मानलं.

करंजी, वडकी, हिंगणघाट करत आम्ही सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात गेलो. गाडीच्या खिडकीतून येणारा वाराही तिला सोसत नव्हता, म्हणून काच लावलेली. सोबत मी आजीच्या काळातलं, धुवून धुवून जाळीसारखं झालेलं एक लुगडं घेतलं होतं. तेवढंच तिच्या अंगावर टिकत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" मायला तो हिशेब जमेना. ती म्हणाली, "नवं लुगडं चालत नाई. जुनं घडीभर चालते." डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. मग मीही तशीच नोंद ठेवू लागले: आज पदर किती वेळ राहिला, पोलक्याची बाही सोसली का, पाठ टेकली का. औषध वाढवायचं की तसंच ठेवायचं, हे ठरवताना माझी वही पुढं यायची.

गॅबापेन्टिन हळूहळू वाढवावं लागतं. घाईनं वाढवलं तर चक्कर येते, झोप अनावर होते. रात्री ॲमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी असायची. मूळची ती उदासीच्या आजारावरची, पण नसेच्या वेदनेवर कमी मात्रेतही चालते. तिनं तोंडाला कोरड पडायची. सोबतच्या माणसाचं काम इथं असतं: उठताना दंड धरायचा, पण डाव्या बाजूनं, घोटघोट पाणी द्यायचं, गोळी लागू पडायला आठवडे लागतात, हे परत परत सांगायचं. पुढं भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बरगडीखालच्या नसेजवळ इंजेक्शन दिलं. त्या संध्याकाळी मायनं स्वतःहून पदर खांद्यावर घेतला आणि तसाच राहू दिला. मी वहीत वेळ लिहायची विसरले.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांना खादी घालावी लागते, आणि प्रवेश घेतल्यावर आधी गांधीजींच्या आश्रमात राहून सूत कातायला शिकावं लागतं. मायला हे कळल्यावर ती तपासायला आलेल्या पोरींच्या कपड्यांचा पोत दुरूनच निरखायची. एकीला तिनं विचारलंही, "कोन्या वावरातला हाय व कापूस?" त्या पोरीला सांगता आलं नाही, पण पुढं ती रोज मायशी दोन शब्द बोलून जायची. दुखण्याच्या पलीकडचं काही कुणीतरी विचारावं, याची रुग्णाला किती भूक असते, ते मी तिथं बघितलं.

वेदना पुरती गेलेली नाही. थंडीत आणि ढगाळ दिवसांत ती डोकं वर काढते. पन्नाशीनंतर घ्यायची नागिणीची नवी लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस लागतात. पण ती महाग आहे, सरकारी लसीकरणात नाही, आणि वेचणीच्या मजुरीत बसणारी तर मुळीच नाही. ती बसायला हवी, असं मला मनापासून वाटतं. तोवर हाताशी आहेत ती पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू करायची विषाणूविरोधी औषधं. त्यांनी नागीण लवकर आटोक्यात येते.

यंदा वेचणीच्या दिवसांत शेजारच्या एका बाईच्या कमरेवर पट्टा उठला. घरात गेरू उगाळणं चालू होतं. माय काठी टेकत तिच्या दारात गेली आणि म्हणाली, "गेरू मंग लाव. पयले दवाखान्यात चाल, मी येतो संगं."