गाळातली शिंगी

शिंगीला खवले नसतात. तपकिरी-काळसर बुळबुळीत अंग, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आणि छातीच्या दोन्ही परांना एकेक विषारी काटा. फार वाढली तर वीतभर, क्वचित फूटभर. नागभीडकडच्या धानपट्ट्यात वाढलेल्या पोराला ही माहिती पुस्तकातून मिळत नाही. मला ती रोवण्याच्या दिवसांत, मामाच्या बांधीत पऱ्ह्यांची पेंढी उचलताना अंगठ्याच्या बुडाशी मिळाली. पार खांद्यापर्यंत कळ गेली. मामीनं चुलीवरचं सोसवेल इतकं गरम पाणी गंजात ओतलं आणि मामा म्हणाला, "हात बुडव अन् गप बस." हळूहळू कळ ओसरली. हे विष उष्णतेनं निकामी होतं, हे मला कॉलेजात कळलं. मामीला ते आधीच ठाऊक होतं.

रोवण्याला येणाऱ्या पोरीबाऱ्याच उन्हाळ्यात मामा तलावाच्या पोटात उतरायच्या. इथं 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले हे तलाव पुढं मालगुजारांकडे होते आणि १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया मिळून असे हजारो तलाव आहेत. मे महिन्यात पाणी डबक्याएवढं उरलं की रोहू-कतला तोंड वर काढून तडफडायचे. ढिवरांची जाळी त्यांना आधीच उचलून न्यायची. शिंगी मात्र ओल्या गाळात शिरायची. शेतात टाकायला गाळ खणताना टोपल्यातलं एखादं ढेकूळ मध्येच हलायचं, फुटायचं आणि आतून चिखलानं माखलेली मिशाळ मुंडी बाहेर यायची. मग काट्याच्या मागून, डोक्याजवळ नेमकं धरणाऱ्याचा भाव वाढायचा.

गाळात जगण्याचं तिचं गुपित पुढं बी.एस्सी.ला विच्छेदनाच्या ट्रेमध्ये उलगडलं. कल्ल्यांच्या पोकळीतून निघालेल्या दोन लांब नळ्या पाठीच्या कण्याच्या बाजूनं थेट मागं शेपटीकडे जातात. ही तिची जादा फुप्फुसं. पाण्यातला प्राणवायू संपला की ती वर येऊन हवेचा घोट घेते. या माशाला शास्त्रीय नाव बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरनं १७९४ साली दिलं, तेही तमिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या नमुन्यावरून. मला अधिक भावलं ते दिल्ली विद्यापीठात बी. आय. सुंदरराज यांनी केलेलं काम. दिवस लांबत जातात आणि पाणी तापतं, तशी मादीच्या पोटातली अंडी तयार होऊ लागतात, असं त्यातून दिसलं. म्हणजे आपण आटलेल्या तलावाकडे बघून हळहळत असतो, तेव्हा ही चिखलात राहून पावसाळ्याची तयारी करत असते. पाऊस पडून बांध्या भरल्या की ती धानाच्या उथळ पाण्यात अंडी घालते. माझ्या अंगठ्याची गाठ पडली ती बहुधा अशाच लगबगीत निघालेल्या एकीशी.

नोकरीच्या निमित्तानं चामोर्शीकडे गेलो आणि शिंगीची पत एकदम वाढली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं या भागात वसवली गेली आहेत. आमच्या घरी शिंगी म्हणजे राखेनं घासून, चिंचेचा कोळ घालून केलेला झणझणीत रस्सा. त्यांच्याकडे ती पथ्याची: तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला पातळ झोल. बाजारात पाण्याच्या घमेल्यातून जिवंतच विकायची. मेलेल्या शिंगीकडे तिथल्या म्हाताऱ्या ढुंकूनही बघत नाहीत. तो झोल मला मिळमिळीत लागला, हे मी तिथं कधी बोललो नाही.

अलीकडे खोलीकरणाची मशीन मामाच्या गावच्या तलावातही उतरली. साठा वाढायला हवा, धानाला शेवटचं पाणी हवं, याबद्दल माझा वाद नाही. पण उथळ काठ, देशी पाणवनस्पती आणि मऊ गाळ सरसकट खरवडून तळ टणक केला, तर उन्हाळ्यात शिंगीनं शिरायचं कुठं? गाळ काढा, पण एक उथळ कोपरा तसाच ठेवा, असं मी मामेभावाला म्हटलं. तो ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, तुझं पटते," तो म्हणाला, "पण न खोदलेल्या कोपऱ्याचं बिल ठेकेदार कसं काढन, ते सांग."