आईची फुरसत

कोल्हापूर ही जशी कलावंतांची, तशीच वाचकांचीही नगरी आहे. येथील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० साली झाली. पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. पुस्तके आली, अक्षरेही आली. परंतु घरातील आईच्या वाट्याला वाचनाची फुरसत मात्र आली नाही.

तिचा दिवस पहाटेच सुरू होतो. भाकऱ्या थापाव्यात, आमटीला कांदा-लसणाची चटणी घालावी, डबे भरावेत आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर आपण जेवावे, हा तिचा नित्यक्रम. रात्री पुस्तक उघडावे, तो पहिल्याच पानावर डोळे मिटू लागतात.

यावरून तिला विद्येची आवड नाही, असे कोणी समजू नये. सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. स्वयंपाकघर हीच त्यांची पाठशाळा! १९७० साली त्यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातील मापे वाटी-चमच्याची. त्यामुळे तराजू नसलेल्या घरातील नवख्या सुनेलाही त्यावरून रांधता येऊ लागले. सासूने सुनेला तोंडी सांगावयाची विद्या अशी ग्रंथात आली.

मुलांनी आपापली ताटे उचलली, वडिलांनी भांडी विसळली, तर आईच्या पदरी रोज अर्धा तास पडेल. तेवढ्या वेळात दहा पाने सहज वाचून होतात.