क्वार्टरची किल्ली

सेवानिवृत्ती महिन्याच्या अखेरीस येते. राज्य शासनाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षी, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ६० व्या. जन्म महिन्यातल्या कुठल्याही तारखेचा असो, नोकरी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते; एक तारखेला जन्मलेला मात्र आदल्या महिन्याच्याच अखेरीस मोकळा होतो. निरोपाची भाषणे होतात, शाल-श्रीफळ मिळते, संध्याकाळी माणूस हार हातात घेऊन घरी येतो. भंडारा जिल्ह्यात पुष्कळदा ते घर त्याचे नसते. १९६४ सालची जवाहरनगरची आयुध निर्माणी, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, तालुक्यातालुक्यांतल्या शासकीय वसाहती, अशा ठिकाणी कित्येकांचा संसार क्वार्टरमध्येच झालेला असतो. मुलांची उंची भिंतीवर पेन्सिलीने नोंदलेली असते, मागच्या वाडीत स्वतः लावलेला आंबा दोन-चार वर्षे फळलेला असतो. ठरल्या मुदतीत किल्ली परत द्यावी लागते. आंबा तिथेच राहतो.

म्हणून इथे निवृत्तीचा पहिला प्रवास घर बदलण्याचा. वाटा तीन. मूळ गावी परतणे. भंडारा, तुमसर, साकोलीच्या कडेला नोकरीत असताना घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर बांधणे. किंवा साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात मुलाजवळ फ्लॅट घेणे. पैसा एकदाच हाती येतो: उपदान, भविष्य निर्वाह निधी, जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या शिल्लक रजेचे रोखीकरण, आणि पेन्शनच्या चाळीस टक्क्यांपर्यंतचे अंशराशीकरण. या शेवटच्या रकमेचा भार लांबतो. त्या एकरकमी पैशासाठी विकलेला भाग पेन्शनमध्ये पुन्हा जोडला जातो तो पंधरा वर्षांनी. ५८ व्या वर्षी घर बांधणाऱ्याला पूर्ण पेन्शन ७३ व्या वर्षी दिसते. घराचा आकार ठरवताना हा हिशेब आधी मांडावा. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी वरचा मजला चढवला जातो आणि पुढे त्याचा जिना झाडणेही जड होते. तळमजल्याचे, पुढे छपरी असलेले, बसस्थानकापर्यंत पायी जाता येईल असे घर या वयाला सर्वांत जास्त साथ देते. छपरी हवीच. आषाढात रोवणी चालू असताना दिवसदिवस झड लागते, आणि छपरीत बसणाऱ्याला पाऊस भेटायला आल्यासारखा वाटतो.

सामान हलवताना खरा प्रश्न पितळेचा पडतो. भंडारा ही पितळेच्या भांड्यांची जुनी पेठ. गावाचे नावही भांड्यांशी जोडले जाते. आईच्या लग्नातले गुंड, गंगाळ, परात, कळशा क्वार्टरच्या माळ्यावर काळवंडून पडलेल्या असतात. नव्या स्वयंपाकघरात त्यांना जागा नसते, मोडीत द्यायला हात धजत नाही. मग चिंच लावून एखादे गंगाळ घासले जाते, छपरीत ठेवले जाते, आणि पाणी भरून त्यात कमळाचा कंद सोडला जातो. तळ्यांच्या या जिल्ह्यात कमळ मागायला लांब जावे लागत नाही. ज्या दिवशी पहिले पान पाण्यावर येते, त्या दिवशी घर आपले वाटू लागते. वास्तुपूजनाने हे इतके लवकर साधत नाही.

याच जिल्ह्यात नवे घर दुसऱ्या तऱ्हेनेही मिळाले आहे. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, आणि वैनगंगेचे पाणी चढत गेले तशी नदीकाठची गावे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. तिथल्या म्हाताऱ्यांनी घर निवडले नव्हते. आखलेल्या सरळ रस्त्यांवर त्यांनी जुन्या गावातले शेजार शोधले, जुने देऊळ पुन्हा बांधले. स्वखुशीने घर बदलता येणे ही केवढी मोठी गोष्ट, हे या वसाहतींतून जाताना कळते.

घर लागले की पाय बाहेर पडतात. सुरुवात सकाळच्या फेरीने होते: भंडाऱ्यात खांब तलावाकडे, नाहीतर कारध्याला वैनगंगेच्या काठी. पुढे एसटी. राज्यात ६५ वर्षांपुढच्यांना अर्धे तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत, आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे भाडे. या सवलतींनी जिल्ह्यातली म्हातारी माणसे खरोखर हलली. वर्षानुवर्षे नुसती ‘जाऊ कधीतरी’ म्हटलेली ठिकाणे एका डब्यात भाकर-चटणी बांधून पाहता येऊ लागली: कोरंभीची देवी, मोहाडीची चौंडेश्वरी, रावणवाडीचा जलाशय, चांदपूरचा हनुमान आणि त्याच्या पायथ्याचे पाणी, महाशिवरात्रीला गायमुख.

पवनीला मात्र धावती भेट पुरत नाही. वैनगंगेच्या काठचे हे गाव तटबंदी, जुना दरवाजा आणि घाटांच्या पायऱ्या सांभाळून उभे आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा देवळाखालच्या टेकाडातून दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरे आहेत आणि बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्पही सापडले. निवृत्त माणसाने ही टेकडी सकाळी चढावी, ऊन चढण्याआधी. ज्याने आयुष्यभर वर्गात सम्राट अशोक शिकवला, त्याला तो जुना काळ आपल्याच तालुक्यात, शाळेच्या सहलीच्या टप्प्यात होता हे कळते, आणि दुपारी घाटावर बसल्यावर शांत वाटते.

नदीच्या काठाने थोडे वर गेले की अंभोरा. वैनगंगा, कन्हान, आम आणि आणखी दोन लहान प्रवाह इथे एकत्र येतात. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ इथेच रचला, अशी विदर्भाची परंपरा सांगते. पलीकडचा तीर नागपूर जिल्ह्याचा, अलीकडचा भंडाऱ्याचा. पूर्वी नावेने ओलांडायचे ते रुंद पाणी आता केबलांवर तोललेल्या पुलाने जोडले आहे, आणि पुलाच्या उंच सज्ज्यातून दोन्ही जिल्हे एकाच नजरेत मावतात.

दिवाळीनंतर वेगळी भटकंती सुरू होते. धान कापणीला येते, भाऊबीज होते, आणि गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावी, उद्या शेजारच्या. दुकाने, पाळणे, दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक, आणि घराघरांत पाहुणे. नोकरीत एक दिवसाची रजा काढून धावत जाणारा आता चार मंडया करतो. ज्या बहिणीकडे वर्षानुवर्षे फक्त लग्नपत्रिका पोचवायला जाणे झाले, तिच्या घरी तीन रात्री मुक्काम होतो. निवृत्तीच्या सहलींत ही सर्वांत कमी खर्चाची आणि मनाला सर्वांत जास्त भरून टाकणारी. पर्यटनाच्या कुठल्याच पुस्तकात तिचे नाव नसते.

साकोली तालुक्यातून पिटेझरीच्या फाटकाने नागझिऱ्यात शिरता येते. १९७० चे हे अभयारण्य डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. पावसाळ्यात ते बंद असते, हिवाळ्यात तळ्यावर सकाळी धुके उभे असते. वाघ दिसलाच पाहिजे ही घाई तरुणांची. सेवानिवृत्ताला एखादा खंड्या पाण्यावर सुळकी मारताना अर्धा तास पाहणे परवडते. या जंगलांचे लेखक मारुती चितमपल्ली. नवेगावबांध जुन्या भंडारा जिल्ह्यातच होते, १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. वनाधिकारी म्हणून चितमपल्लींनी तिथे वर्षे काढली. १९९० मध्ये ते निवृत्त झाले, नागपुरात राहिले, लिहीत राहिले; मोठे कोश आणि आत्मचरित्र हे काम बरेचसे त्या काळातले. अखेरच्या वर्षांत ते सोलापूरला, जन्मगावी परतले आणि १८ जून २०२५ रोजी तिथेच वारले. नोकरीत पायाखालून गेलेल्या वाटा निवृत्तीत कागदावर पुन्हा चालता येतात, हे त्यांच्या पुस्तकांच्या रांगेकडे पाहून पटते.

लांबच्या प्रवासाला वरठीचे भंडारा रोड स्थानक आहे, हावडा-मुंबई मार्गावर. काशी, पुरी, पंढरपूर, मुलीचे पुणे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, तेव्हापासून हे बेत मोजून करावे लागतात. नवरा-बायकोने एकत्र केलेला लांबचा पहिला प्रवास पुष्कळ घरांत याच वयातला असतो. क्वार्टरच्या दिवसांत एकाला रजा मिळे तेव्हा दुसऱ्यामागे मुलांच्या परीक्षा असत. आता खिडकीजवळची जागा तिची. डोंगरगड येईपर्यंत ती स्थानकांची नावे मोठ्याने वाचते.

प्रवास नोव्हेंबरच्या आधी किंवा नंतर ठरतात, कारण त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँकेत त्या दिवसांत जुने सहकारी भेटतात. कोण कुठे राहायला गेला, कुणाचे गुडघे बदलले, कोण यंदा आला नाही, हे तिथेच कळते, आणि पुढच्या सहलीची तारीखही तिथेच निघते. ७५ नंतर तिकीट मोफत होते, पण तोवर एसटीची पायरी उंच झालेली असते. मग फेरी खांब तलावापुरती, पुढे कोपऱ्यापर्यंत, पुढे छपरीपुरती. बाहेरगावी जाताना घराची किल्ली शेजारी ठेवायची आणि गंगाळात पाणी घालायला सांगायचे, ही सवय मात्र तोवर पक्की झालेली असते. शेजारची मुलगी सांगितल्याशिवायच येऊन कमळात तांब्याभर पाणी ओतून जाते.