थांबवलेला कॅमेरा

26 डिसेंबर 1908. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत रशकटर्स बे इथं उघड्या आकाशाखालच्या रिंगभोवती सुमारे 20,000 माणसं जमली होती. रिंगमध्ये हेवीवेट जगज्जेता टॉमी बर्न्स, उंची जेमतेम 5 फूट 7 इंच. त्याच्यासमोर टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचा जॅक जॉन्सन, सहा फुटांहून उंच. या लढतीची चित्रफीत आजही पाहायला मिळते. जॉन्सन हसतो, बर्न्सशी बोलतो, तो कोसळायला लागला की त्याला कवेत धरून उभा ठेवतो आणि पुन्हा ठोसे लगावतो. 14व्या फेरीत बर्न्स पार खचतो आणि नेमकं तिथंच चित्र तुटतं. पोलिसांनी लढत थांबवली आणि कॅमेराही. हेवीवेटचं जगज्जेतेपद पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीयाकडे गेलं, पण गोऱ्या विजेत्याचं पडणं कुणाला पाहू द्यायचं नव्हतं.

खरं तर कॅमेऱ्याची आणि मुष्टियुद्धाची मैत्री सिनेमाच्या जन्मापासूनची. सुरुवातीचा कॅमेरा जड, एका जागी खिळलेला. त्याला चौकटीत मावणारी, सतत हलणारी गोष्ट हवी होती, आणि रिंग म्हणजे आयती चौकटच. 1894 मध्ये एडिसनच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत जगज्जेता जिम कॉर्बेट पीटर कोर्टनीशी लढला, तेव्हा फेऱ्यासुद्धा फिल्मच्या लांबीला बेतून आखूड केल्या होत्या. तीन वर्षांनी, 17 मार्च 1897 रोजी, नेवाडातल्या कार्सन सिटीत बॉब फिट्झसिमन्सनं पोटाच्या वरच्या भागात ठोसा मारून कॉर्बेटला 14व्या फेरीत खाली बसवलं. इनॉक रेक्टरनं ती अख्खी लढत टिपली. दीड तासाहून लांब असलेल्या त्या चित्रपटाचे आज काही भागच शिल्लक आहेत. 1899 च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कमधल्या कोनी आयलंडला तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता जेफ्रीज आणि त्याचा आव्हानवीर शार्की 25 फेऱ्या लढले, तेही चित्रीकरणासाठी डोक्यावर लावलेल्या शेकडो विजेच्या दिव्यांच्या झळा सोसत.

त्याच वर्षी मुंबईत हँगिंग गार्डनमध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा, पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती कॅमेऱ्यात टिपत होते. हातात नवं यंत्र आल्यावर दोन्हीकडच्या माणसांना सर्वांत आधी दोन देहांची झुंज टिपावीशी वाटली, हे विलक्षण आहे.

या जुन्या फिती पाहताना एक पथ्य पाळायला हवं. कॅमेरा हातानं फिरवलेला असायचा आणि सेकंदाला चित्रं कमी टिपली जायची. तीच फीत आजच्या वेगानं लावली की लढवय्ये बाहुल्यांसारखे तुरुतुरु पळतात, आणि ‘यांना लढता तरी येत होतं का’ असा सवाल येतो. वेग नीट केला की जॉन्सनची कला उलगडते. तो समोरच्याचा ठोसा उघड्या हातमोज्यावर झेलतो, अर्धं पाऊल मागे सरकतो आणि प्रतिस्पर्ध्याचा तोल गेला की मारतो. घाई कुठेच नाही. 1909 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोल्मा इथं त्याच्याहून बऱ्याच हलक्या स्टॅन्ली केचेलनं 12व्या फेरीत त्याला खाली पाडलं. जॉन्सन उठला, केचेल झेपावला आणि पुढच्याच क्षणी बेशुद्ध पडला. मारण्याच्या भरात जॉन्सनही त्याच्यावरून कोलमडला. हे सगळं फितीत आहे, आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही अंगावर काटा येतो.

मग जॉन्सनला हरवण्यासाठी गोऱ्या अमेरिकेनं निवृत्त जगज्जेत्या जेफ्रीजला शेतावरून परत आणलं. त्याच्या अंगावर साचलेलं वजन उतरवून, 4 जुलै 1910 रोजी नेवाडातल्या रीनो इथं त्याला जॉन्सनसमोर उभं केलं. कारकिर्दीत कधीच खाली न पडलेला जेफ्रीज 15व्या फेरीत पुन्हा पुन्हा पडला. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. प्रशासनानं मात्र हात घातला तो चित्रफितीवर. अनेक शहरांनी आणि राज्यांनी ती दाखवायला बंदी केली, आणि 1912 मध्ये तर मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं हाच संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा ठरला. वर्तमानपत्रातली बातमी ज्यांना पचली, त्यांना दोर धरून उठू पाहणारा जेफ्रीज पाहणं का सोसेना? बातमीत सबबी सांगता येतात. उन्हाळा होता, वय झालं होतं, सराव नव्हता. फितीतला ठोसा सबब ऐकत नाही.

1915 मध्ये हवानाच्या उन्हात जेस विलर्डनं जॉन्सनला 26व्या फेरीत हरवलं. आता गोरा जिंकला होता, तरी फीत अमेरिकेत आणायला तोच कायदा आड आला. तेव्हा काही व्यावसायिकांनी कॅनडाच्या सीमेवर अजब युक्ती केली. फीत पलीकडे ठेवायची, तिच्यातून प्रकाश सोडायचा आणि न्यू यॉर्कच्या हद्दीतल्या कॅमेऱ्यानं नवी प्रत उतरवायची. फीत सीमा ओलांडत नव्हती, फक्त उजेड ओलांडत होता. न्यायालयानं ती पळवाट मानली नाही.

तरीही केवळ फितींवर भरवसा ठेवून त्या काळातल्या थोर मुष्टियोद्ध्यांची यादी करणाऱ्यांनी थोडं थांबावं. पीटर जॅक्सन 1891 मध्ये कॉर्बेटशी 61 फेऱ्या लढला, लढत अनिर्णित राहिली. तेव्हा सिनेमाच नव्हता. सॅम लँगफर्डच्या मोजक्याच लढती फितीवर उरल्या आहेत. गोरे विजेते त्याला टाळत राहिले आणि जॉन्सननंही 1906 मध्ये त्याला हरवल्यावर, स्वतः जगज्जेता झाल्यानंतर, पुन्हा संधी दिली नाही. लँगफर्डची दृष्टी गेली आणि 1944 मध्ये एका पत्रकाराला तो हार्लेममध्ये कफल्लक अवस्थेत सापडला. मुष्टियुद्धाच्या फितींवरचा कायदा उठला तो 1940 मध्ये. तोवर जॉन्सनच्या हातचं जगज्जेतेपद जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.