पुष्पिका गळालेली हाक

आपत्तीत सापडलेला माणूस जे लिहितो त्याचा संहिता म्हणून विचार करावा काय, हा प्रश्न काहींना अप्रस्तुत, किंबहुना निष्ठुरही वाटेल. तथापि ऑगस्ट २०१८ च्या केरळातील महापुरात फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि त्या वेळचे ट्विटर यांवरून मदतीची जी असंख्य निवेदने फिरली, ती पाहता हा प्रश्न टाळता येत नाही. त्यांत सहसा विलाप नसे. घराचे नाव, जवळचे देऊळ वा चर्च, माणसे किती, त्यांत वृद्ध किती, पाणी कोठवर चढले, दूरध्वनी क्रमांक, क्वचित अक्षांश-रेखांश. चेंगन्नूरसारख्या भागातील कित्येक म्हाताऱ्या आईबापांसाठी हे मजकूर परदेशातील मुलांनी लिहिले. पाण्यात एक, हाक मारणारा दुसरा, अशी ही विलक्षण रचना होती.

हाकेला ओ देणारेही थोडेथोडके नव्हते. राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणेने स्वयंसेवकांच्या साहाय्याने संकेतस्थळ उभारून जिल्हावार नोंदी घेतल्या. कोल्लम, तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवरील मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवून पूरग्रस्त गावांत नेल्या. समुद्र जाणणाऱ्या या माणसांना तिथल्या गल्ल्या दाखवायला स्थानिक तरुण होड्यांत बसले.

अडचण उद्भवली ती नकलांची. जुन्या हस्तलिखित पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. प्रत कोणी, कोठे, कोणत्या शकात, कोणत्या मितीला केली, हे तीत नोंदलेले असते. ती गळाली की प्रतीचा काळ ठरवताना संशोधकाची दमछाक होते, पण त्यापायी कोणाचा जीव जात नाही. जात्यावरच्या ओवीला तर ना कर्ती ना तारीख, आणि त्यावाचून तिचे काही अडत नाही. पुरातील निवेदनाचे तसे नाही. सद्भावनेने ते पुढे धाडणारा प्रत्येक जण नकळत लेखनिक होतो. तो मजकूर उचलतो, आणि मूळ निवेदक व वेळ मागे राहतात. संध्याकाळी सुटका झालेले कुटुंब दुसऱ्या दिवशीही तसेच हाका मारीत राहते. मूळ लेखकाने ती मागे घ्यावी, तर त्याच्या फोनची बॅटरी केव्हाच संपलेली. मोकळ्या घराकडे वळलेली होडी भरलेल्या घराकडे जात नाही, एवढाच या पाठदोषाचा अर्थ. तेव्हा तारीख-वेळ लिहा, सुटका झाल्यावर तसे कळवा, असे स्वयंसेवकांना पुन्हापुन्हा विनवावे लागले. पुष्पिकेची गरज त्यांना अशी नव्याने उमगली.

मुल्लपेरियारची गोष्ट निराळी. १८९५ साली पूर्ण झालेल्या या धरणाविषयीचे भय केरळात जुनेच आहे. धरणाला गळती लागल्याचे सांगणारा ध्वनिसंदेश त्याच दिवसांत फिरला. तो खोटा असल्याचे जाहीर करून पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. येथे नुसती पुष्पिका गळालेली नव्हती. मूळ प्रतच खोटी होती. पण ऐकणाऱ्याला दोहोंतला भेद कशावरून कळावा? मानवी आवाजातली भीती लिखित शब्दापेक्षा लवकर पटते. (अफवेला व्हॉट्सअ‍ॅपने जन्म दिला, असे मानणाऱ्यांनी युद्धकाळातील वृत्तपत्रे चाळावीत.)

ऑगस्ट २०१९ मध्ये केरळात पुन्हा पूर आला, तेव्हा आदल्या वर्षीची काही दृश्ये ताजी म्हणून हिंडू लागली. पाणी तसेच, छपरे तशीच. कोणत्या साली कोण त्या छपरावर उभे होते, हे चित्रात कोठेच लिहिलेले नव्हते.