बाद झालेला गडी

आमच्या दीपनगरात वारा सुटला की औष्णिक वीज केंद्राची राख घरात येते. वसाहतीबाहेरच्या वस्तीत कंत्राटी कामगारांची बिऱ्हाडे आहेत. ठेका संपला की चुलीची चिंता सुरू. अशा घरांतली मुले संध्याकाळी विहारात अभ्यासाला येत. कचेरीतून आल्यावर आम्ही त्यांना गणित शिकवीत असू आणि त्याबरोबर भाषणही ठोकीत असू. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले, तुम्हाला दिवे-पंखे असून काय होते? मुले गप्प बसत. आम्हाला वाटे, परिणाम होतो आहे.

त्यांतला एक मुलगा दहावीला गणितातच नापास झाला आणि विहारात येईनासा झाला. आम्ही त्याच्या घरी गेलो. पुन्हा तेच भाषण. तो मान खाली घालून बसला. आई म्हणाली, "भाऊ, रात्र रात्र जागाच राहतो. जेवणावर मन नाही." वयच तसे असते, असे सांगून आम्ही चहा घेऊन उठलो. हे लिहिताना आजही लाज वाटते.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त कबड्डीचे सामने ठरले. सातवा गडी कमी पडला, म्हणून त्याला ओढून आणले. पहिला आठवडा तो बोललाच नाही. मात्र पोरे त्याच्यावर ओरडत, पडला की उठवत आणि यायला उशीर झाला तर दारात जाऊन हाका मारीत. अभ्यासिकेत तो नाही हे आमच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले होते!

एका संध्याकाळी तो बाद होऊन आमच्याशेजारी रेषेबाहेर बसला होता. म्हणाला, "काका, आपल्यानं समोरचा गडी मारला की बाद झालेला परत आत येतो, हे बरं आहे." मग पायाची माती झाडत हळूच म्हणाला, "निकालाच्या दिवशी मी घरी परत जाणार नव्हतो. बाबासाहेबांच्या फोटोकडे बघायची लाज वाटायची."

आमची शिट्टी हातातच राहिली.

त्याच रात्री त्याच्या वडिलांशी बोललो आणि त्याला जळगावला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. कबड्डी म्हणजे औषध नव्हे. परंतु कबड्डी नसती तर औषधापर्यंत पोचलो नसतो. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. तो क्रमांक आम्ही विहाराच्या फळ्यावर लिहिला आहे.

नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरे पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यावर नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ मध्ये आला. आम्ही तो पाहून जयंतीच्या दृश्याला टाळ्या वाजवल्या आणि घरी आलो. बारसे सरांनी त्या पोरांना आधी भाषण न देता चेंडू दिला होता, हे मात्र आमच्या ध्यानात आले नव्हते.

आता मैदानावर आमचे भाषण बंद आहे. खेळ संपला की अर्धा तास रेषेवर बसतो. कोणी बोलले तर ऐकतो. तो मुलगा फेरपरीक्षेत पास झाला. आता मैदानाची फक्की तोच मारतो. परवा वस्तीतल्या दोन मुलींनी विचारले, "काका, आमचा सराव कधी?" आम्हाला उत्तर सुचले नाही. रविवारी आमच्या सौभाग्यवती त्यांच्या आयांना भेटायला जाणार आहेत.