ट्रंकेतली थंडी

मुंबईला थंडी पडते, असे मी पुण्याच्या माणसापुढे म्हटले की तो आधी माझ्याकडे बघतो, मग आपल्या बायकोकडे बघतो आणि मग दोघे मिळून हसतात. नाशिकचा माणूस हसतही नाही. तो नुसती कानटोपी सारखी करतो. नागपूरकराशी तर या विषयावर बोलूच नये. त्याच्याकडे उन्हाळाही आमच्याहून मोठा आणि हिवाळाही मोठा. थंडीच्या बाबतीत मुंबईकर हा पहिल्यापासूनच गरीब माणूस. पण गरिबाच्या घरी पाहुणा वर्षातून एकदाच येत असला, तरी त्याच्यासाठी एक बरी चादर जपून ठेवलेली असतेच की नाही? तशी आमच्या घरी एक ट्रंक होती.

हिरव्या रंगाची, पत्र्याची, कोपरे चेपलेली. तिच्यात डांबराच्या गोळ्यांच्या वासात आमची थंडी वर्षभर झोपलेली असे. आजीची गोधडी, वडिलांचा मफलर, दोन कानटोप्या, लग्नात आलेली एक शाल आणि माझा स्वेटर. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून कुडकुडत बाहेर आले की आई म्हणायची, "आता ट्रंक काढायला हवी." ती प्रत्यक्षात निघायची डिसेंबरच्या शेवटी. मग कपड्यांना गॅलरीत ऊन द्यायचे, गोळ्या झटकायच्या आणि वाट पाहायची. थंडी येई ती बहुधा संक्रांतीच्या आगेमागे. चार दिवस राही. ओठ फुटत, टाचांना भेगा पडत, कोकमाच्या तेलाचा गोळा चमच्यात वितळवला जाई, आणि ती गेली की सगळे पुन्हा ट्रंकेत.

पण एकदा मात्र ती पाहुण्यासारखी न येता दरोडेखोरासारखी आली. १९६२ च्या जानेवारीची २२ तारीख, सोमवार. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांचे आमचे बिऱ्हाड. पहाटे नळाला पाणी यायचे तेव्हा रोज बायकांची जी वादावादी चाले, ती त्या दिवशी ऐकू आली नाही, म्हणून वडील जागे झाले. बाहेर जाऊन पाहतात तो नळ वाहतो आहे आणि बायका भिंतीला पाठ लावून, पदर कानांवरून घेऊन गप्प उभ्या आहेत. पहिली कळशी कोणी भरायची यावर चाळीच्या इतिहासात प्रथमच 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' चालले होते.

कुलाब्याच्या वेधशाळेने त्या दिवशी ११.७ अंश नोंदले आणि सांताक्रूझच्या वेधशाळेने ७.४. सांताक्रूझचा तो आकडा अजून कोणी मोडलेला नाही. या दोन आकड्यांवरून आमच्या संसारात गेली पंचेचाळीस वर्षे एक वाद चालू आहे. मी गिरगावचा, म्हणजे कुलाब्याच्या बाजूचा. ही पार्ल्याची, म्हणजे सांताक्रूझच्या शेजारची. त्यामुळे मी त्या थंडीचे वर्णन करू लागलो की ही मध्येच म्हणते, "तुमची ती अकराची हो. सातची थंडी आमच्या माहेरची." कुलाबा समुद्रात घुसलेला असल्याने तिथे ना थंडी फार, ना उन्हाळा फार, हे भूगोलाच्या दृष्टीने खरे आहे, पण बायकोच्या माहेरचा विजय भूगोलानेही मान्य करावा, हे जरा जड जाते.

त्या दिवसांत अष्टग्रहीची धास्ती होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठ ग्रह मकरेत एकत्र येणार आणि जगाचे काही खरे नाही, असे जाणते लोकही बोलत. ठिकठिकाणी यज्ञ चालले होते. ही थंडी म्हणजे त्याचीच आगाऊ नोटीस, असे आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी जाहीर केले. जग बुडणार असेल तर गृहपाठ कशाला करायचा, असा प्रश्न मी वडिलांना विचारला आणि त्याचे उत्तर मला तोंडी मिळाले नाही.

आईने मात्र जग बुडण्याची वाट न पाहता लोकर विकत आणली. विणणे तिला येत नव्हते. शेजारच्या काकूंनी तिला दोन टाके शिकवले, एक सुलट आणि एक उलट, आणि तेवढ्या भांडवलावर तिने माझा स्वेटर घातला. दुपारी जेवणे आटोपली की ती सुया घेऊन बसे; चुकले की उसवी. थंडी चार-सहा दिवसांत ओसरली, अष्टग्रही आली आणि काही न करता गेली, माझी परीक्षा जवळ आली, पण स्वेटर चालूच. शेवटी लोकर कमी पडली. तपकिरी मिळेना, म्हणून डाव्या बाहीचे टोक हिरव्या लोकरीने पुरे केले. स्वेटर पुरा झाला तेव्हा चाळीत होळीची लाकडे जमत होती. मी तो घालून घामाघूम होऊन आरशापुढे उभा राहिलो. बाह्या बोटांच्याही खाली चार इंच लोंबत होत्या. मी रडवेला झालो. आई म्हणाली, "असू दे रे. वाढत्या अंगाचा केलाय."

मध्यमवर्गीय घरातल्या प्रत्येक मुलाने हे वाक्य ऐकलेले आहे. आमचे बूट वाढत्या पायाचे, आमच्या टोप्या वाढत्या डोक्याच्या. पण हा स्वेटर खरोखरच वाढत्या अंगाचा ठरला. कॉलेजात जाईपर्यंत मी तो घातला, आणि त्यानंतर माझ्या मुलाने माथेरानच्या सहलीला नेला. आईला तर त्या स्वेटरमुळे विणायची विद्याच लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनशी युद्ध सुरू झाले आणि घरोघरी बायका जवानांसाठी लोकरीचे कपडे विणू लागल्या, तेव्हा चाळीतल्या बायकांना उलट-सुलट शिकवायला आमची आई होती. मुंबईच्या थंडीत शिकलेली विद्या हिमालयातल्या थंडीसाठी कामी आली. आई १९८९ साली गेली. तिच्या हातचे म्हणून घरात एवढेच राहिले होते.

आता या मुंबईच्या थंडीचे गणित असे आहे, की ती मुळात मुंबईची नाहीच. ती उत्तरेकडून उसनी येते. तिकडे हिमालयात बर्फ पडायचे, मग थंड वारे राजस्थान-गुजरातवरून खाली उतरायचे, तेव्हा कुठे आमच्या ट्रंकेचे झाकण उघडणार. दिवसा आम्हाला समुद्राचा खारा वारा सांभाळतो. तो सकाळी वेळेवर आला तर बरे. पण जमिनीकडून पूर्वेचा वारा जोरात असला, की खाऱ्या वाऱ्याला आत शिरायला दुपार होते, आणि तोपर्यंत शहर कोरड्या तव्यासारखे तापते. घामही येत नाही. नुसते डोळे चुरचुरतात, घसा सुकतो आणि हवेत धूळ लोंबकळत राहते. असे दिवस पूर्वीही येत, नाही असे नाही. अलीकडे मात्र त्यांनी बिऱ्हाडच केलेले दिसते. २०२३ चा फेब्रुवारी दिवसाच्या उष्म्याच्या बाबतीत साऱ्या देशात १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला ठरला, आणि २०२४ हे अख्खे वर्ष सर्वांत उष्ण ठरले.

माझे एक चुलतभाऊ रत्नागिरीकडे असतात. त्यांची चाळीस-पन्नास हापूसची कलमे आहेत. मी फोनवर त्यांना म्हटले, "अण्णा, यंदा आमच्याकडे थंडीच नाही, पंखा लावून झोपतो." मी गंमत म्हणून सांगत होतो. ते म्हणाले, "तू पंखा लावशील. मी कलमांना काय लावू?" रात्री गारठा पडला तर कलम मोहोरते, गारठा नसला तर मोहोराऐवजी नुसती पालवी फुटते. दिसायला झाड कसे हिरवेगार, तांबूस, लुसलुशीत! येणारा-जाणारा वाखाणतो. आणि अण्णा त्या पालवीकडे बघतात आणि घरात येऊन आडवे होतात.

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या गोरेगावच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. शिमग्यापूर्वी जागा रिकामी करून भाड्याच्या लहान जागेत जायचे होते. घरात आवराआवर सुरू झाली. आवराआवर म्हणजे नवरा 'हे टाकू' म्हणतो आणि बायको 'असू दे' म्हणते, तो प्रकार. तारीख ४ होती, बुधवार. नोव्हेंबरच्या अखेरीस पुदुच्चेरीजवळ फेंगल नावाचे चक्रीवादळ किनाऱ्याला लागले होते आणि त्यापायी आमच्याकडे येणारे उत्तरेचे वारे अडले, असे जाणकार सांगत होते. त्या दिवशी सांताक्रूझला ३७.३ अंश झाले. सोळा वर्षांत डिसेंबरातला इतका तापलेला दिवस आला नव्हता. त्या टळटळीत दुपारी मी हिरवी ट्रंक उघडून बसलो होतो, आणि खाली बोहारणीची हाक आली.

हल्ली बोहारीण दिसते क्वचित. ही आमच्याकडे वीस वर्षे येणारी. जिन्यात बसली, भांडी मांडली. हिची एक जरीची साडी, माझ्या पँटी, मुलाचे शर्ट असा ढीग झाला. एका मोठ्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यावर हिचा डोळा होता. बोहारीण म्हणाली, "बेन, एवढ्यात नाही बसत. अजून काहीतरी घाला." मी शाल आणली. तिने ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली. "शेठ, लोकरीचं काय करू? मुंबईत कोण घालतं?" आणि पदराने वारा घेऊ लागली.

मला तिचे म्हणणे पटले, हाच माझा गुन्हा. मी आत गेलो आणि स्वेटर आणून तिच्या ढिगावर टाकला. ही पटकन म्हणाली, "अहो, तो नको. असू दे." मी म्हणालो, "अगं, आता कसली थंडी? संपली ती. नव्या जागेत ही ट्रंक ठेवणार कुठं?" त्या वेळी मला आपण फार व्यवहारी आहोत असे वाटले. ही पुढे काही बोलली नाही. बोहारणीने डबा पुढे सरकवला. म्हणजे आईचा स्वेटर त्या व्यवहारात मोजलादेखील गेला नाही. तो नुसता वरचा घातला गेला.

पाच दिवसांनी, सोमवारी पहाटे, मला जाग आली ती पाय आखडले म्हणून. पंखा बंद होता. ही खिडकी लावत होती. उत्तरेचे वारे मोकळे सुटले होते. सांताक्रूझला १३.७ अंश. नऊ वर्षांत मुंबईच्या डिसेंबरात एवढी थंडी पडली नव्हती. बुधवारी ३७.३ आणि सोमवारी १३.७; वेधशाळा माझी चेष्टा करते आहे की काय, असे वाटले. मी सवयीने उठलो, ट्रंकेपाशी गेलो, झाकण उघडले. तळाशी वर्तमानपत्राचा कागद आणि डांबराच्या तीन गोळ्या. गोधडी काय ती हिने वाचवली होती. ती हिने माझ्या खांद्यांवर टाकली आणि चहा ठेवायला गेली. 'मी सांगत नव्हते?' असे तिने म्हटले असते तर फार बरे झाले असते.

त्यानंतर बोहारणीची मी जशी वाट पाहिली तशी उभ्या जन्मात कोणाची पाहिली नाही. ती जानेवारीत आली. मी चपला न घालता खाली गेलो. "बाई, तो स्वेटर… तपकिरी, एका बाहीला हिरवं टोक…"

"हिरव्या टोकाचा? तो गेला की शेठ. त्याच सोमवारी." ती खुशीत होती. तीन-चार हिवाळे तिची लोकर घरात पडून होती; कसर लागली, उंदरांनी खाल्ली, थंडीच नाही तर घेणार कोण? त्या एका आठवड्यात सगळी उठली. थंडी संपली म्हणून मी ज्या ऐटीत सांगितले, त्याच न पडलेल्या थंडीने हिचे किती हिवाळे कोरडे काढले होते, हे मला तेव्हा कळले. दुप्पट पैसे देतो म्हणायला मी खिशात हात घातला होता, तो तसाच राहिला.

"कोणी घेतला?"

"एक बाई होती, बांधकामावरची. पोराला घेतला. एवढासा पोरगा, आणि बाह्या इथपर्यंत!" तिने आपल्या गुडघ्याला हात लावून दाखवला. "मी म्हटलं, बाई, मोठा होतोय, दुसरा बघ. तर म्हणाली, राहू दे, पोरगं वाढतंय."

वर आल्यावर मी हे हिला सांगितले. ही भाजी निवडत होती. तिने निवडणे थांबवले, थोडा वेळ तशीच बसली आणि मग म्हणाली, "पोरगा गोरेगावात राहत असेल तर बरं. इकडं थंडी जरा जास्त असते."

हल्ली आम्ही भाड्याच्या जागेत राहतो. ट्रंक आली आहे. तिच्यात गोधडी आहे आणि हिने आणलेल्या डांबराच्या नव्या गोळ्या आहेत. या दिवाळीच्या चकल्या त्या झाकणाच्या डब्यात भरल्या आहेत. डबा मोठा आहे, निम्मासुद्धा भरला नाही. परवा अण्णांचा फोन आला होता. त्यांनी आमची खुशाली नंतर विचारली; आधी विचारले, "मुंबईला पहाटे काही गार लागतंय का रे?"